काका, पेन खाली ठेवा

आमच्या सोसायटीत ‘आर्काइव्ह’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. वॉट्सअॅपवर सोसायटीचा ग्रुप जिथे ढकलून ठेवतात ती जागा म्हणजे आर्काइव्ह. ग्रुप सोडला तर सेक्रेटरीला कळतं, म्यूट केला तरी डोळ्यांसमोर राहतो. आर्काइव्ह केला की आपण त्यात असतोही आणि नसतोही. म्हणून जनरल बॉडीत उभं राहून मी जेव्हा सांगितलं की पुढच्या आठवड्यात अहमदाबादला आर्काइव्ह बघायला जातोय, तेव्हा अध्यक्ष कळवळून म्हणाले, “काका, त्याच्यासाठी अहमदाबाद कशाला? चॅटची लिस्ट खाली ओढा, सगळ्यात वर दिसतं.”

प्रकरण सुरू झालं ते ओलीवरून.

पुनावळ्यात माणसं तीन विषयांवर बोलतात: अंडरपास, टँकर आणि ओल. ज्यांनी आमचा अंडरपास पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई-बंगळुरू महामार्गाखालून गावाच्या एका अंगातून दुसऱ्या अंगाला जायची ती वाट आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी असतं, एरवी आपण असतो. टँकरबद्दल बोलायचं तर पवना नदी इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण हाक मारून नदी येत नाही. टँकर येतो. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, मग शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर ग्रीक, इटालियन आणि स्पॅनिश नावांचे टॉवर उभे राहिले, आणि त्यांतल्या एकात सातव्या मजल्यावर मी राहतो. टॉवरचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. रिक्षावाल्याला मी “त्या दोन चक्क्यांच्या मधला” असं सांगतो.

तर ओल. माझ्या बेडरूमच्या छतावर पहिल्या पावसाळ्यात एक डाग उमटला, श्रीलंकेएवढा. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला वरून भारत येऊन जोडला गेला. तिसऱ्या वर्षी आफ्रिका खंड भिंतीवरून उतरून कपाटामागे गेला तेव्हा प्लंबरला बोलावलं. त्यानं मान वर करून बराच वेळ डागाकडे पाहिलं, दोनदा भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, “काका, लाइन कुठनं गेलीय ते कळलं तर एकच टाइल फोडावी लागंल. नाय कळलं तर फोडत फोडत कळंल.”

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ‘फोडत फोडत’ हे शब्द ऐकले आणि दार लावून घेतलं. मग मी म्हटलं, नकाशा बघू. इमारत आहे म्हणजे नकाशा असणारच.

सोसायटीच्या ऑफिसात, म्हणजे गणपतीचं मखर, तुटके ट्रेडमिल आणि क्रिकेटचे स्टंप ठेवायच्या खोलीत, बिल्डरनं हस्तांतर केलेली एक फाइल होती. तिच्यात लिफ्टचं वॉरंटी कार्ड होतं (मुदत संपलेलं), अग्निशामक यंत्रांची पावती होती, एक मंजूर नकाशा होता (बारकाईनं पाहिल्यावर दुसऱ्या विंगचा निघाला) आणि गुळगुळीत कागदाचं २४ पानी ब्रोशर होतं. बाकी काही नाही. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला, तर तिथल्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, “सर, टू बीएचके हवाय का थ्री?”

कायदा आपल्या बाजूनं आहे बरं का. फ्लॅटची विक्री करणाऱ्यानं मंजूर नकाशे पाहायला द्यावेत असं महाराष्ट्राचा मोफा १९६३ पासून सांगतोय. त्यानंतर आलेला रेरा तर म्हणतो की पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यापासून ३० दिवसांत सामाईक भागांसकट सगळी कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीच्या हाती द्या. फक्त महारेराचं काम सुरू झालं मे २०१७ मध्ये आणि आम्ही राहायला आलो २०१५ मध्ये. आयुष्यात प्रथमच कुठेतरी वेळेआधी पोचलो, ते असं अंगाशी आलं.

ब्रोशर मात्र मी घरी नेऊन मन लावून वाचलं. त्यात आमच्या इमारतीमागे सह्याद्री आहे आणि सह्याद्रीवर बर्फ आहे. तळ्याकाठी एक गोरं जोडपं कुत्र्याला फिरवतंय. पोहण्याच्या तलावात एक सोनेरी केसांची बाई हसत उभी आहे. (तो तलाव सध्या कोरडा असून त्यात सायकली लावतात.) आकाशाला चार पानं दिलेली आहेत. ड्रेनेजला ओळही नाही. मला एकदम भीती वाटली. आणखी दोनशे वर्षांनी कुणी संशोधक पुनावळ्याचा वास्तु-इतिहास लिहायला बसला आणि त्याच्या हाती एवढंच लागलं, तर तो लिहील की एकविसाव्या शतकाच्या आरंभी पवनेच्या काठी निळ्या डोळ्यांच्या लोकांची वस्ती होती, हवा थंड होती, आणि या लोकांना शौचास जावं लागत नसे.

हे सगळं मला इतकं लागलं याचं कारण माझ्या नोकरीत आहे. पिंपरीच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ३८ वर्षं काढली. १९७९ साली आयटीआयचा ड्राफ्ट्समन होऊन ट्रेसर म्हणून चिकटलो. आमच्याकडे दहा पैशांच्या वॉशरलाही ड्रॉइंग असे. बाहेरचा व्यास, आतला व्यास, जाडी, मटेरियल, टॉलरन्स. उजव्या कोपऱ्यात खाली टायटल ब्लॉक आणि त्यात चार खाने: कुणी काढलं, कुणी ट्रेस केलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. चार सह्यांशिवाय वॉशर जन्माला येत नसे. पुढे त्यात अर्ध्या मिलिमीटरचा बदल झाला तर रेव्हिजन ‘ए’, आणखी झाला तर ‘बी’. मग शॉपमध्ये जाऊन जुन्या प्रिंट गोळा करायच्या, मोजायच्या आणि फाडायच्या. एखादी जुनी प्रिंट मशीनमागे चिकटून राहिली तर साहेब असा चेहरा करत की जणू घरातली सून परत आलेली नाही.

आणि मी, ज्यानं उभ्या आयुष्यात ड्रॉइंग नंबर नसलेला नट हातात धरला नाही, तो ३८ लाखांच्या घरात राहत होतो आणि त्या घराला रेव्हिजन सोडा, मूळ ड्रॉइंगच नव्हतं.

हे मी पुतणीला फोनवर सांगितलं. ती अहमदाबादला ‘सेप्ट’मध्ये शिकते. जुन्या इमारती दुरुस्त कशा कराव्यात याचं शिक्षण घेते, हे आमच्या घरात कुणाला पटलेलं नाही. तिच्या आजीचं म्हणणं, त्यासाठी एवढी फी कशाला, गावच्या घराचं छप्पर आहे की. पुतणी म्हणाली, “काका, तुम्ही इकडे या. आमच्या युनिव्हर्सिटीचं आर्काइव्ह आहे, निव्वळ आर्किटेक्चरचं. ड्रॉइंग्ज कशी सांभाळतात ते बघून तुमचं मन शांत होईल.”

माझं मन कुठल्याही विद्यापीठात आजवर शांत झालेलं नाही. तरी गेलो.

सेप्टबद्दल एक गोष्ट पुणेकरांना आवडेल. ही शाळा १९६२ साली ज्यांनी सुरू केली ते बाळकृष्ण दोशी जन्मानं पुण्याचे. १९२७ साली इथे जन्मले, घरचा धंदा फर्निचरचा, मुंबईला जेजेत शिकले, तिथून लंडनमार्गे पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात. त्याच्या इमारतींवर देखरेख करायला म्हणून अहमदाबादला आले आणि तिथलेच झाले. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं, ते मिळवणारे पहिले भारतीय. तेव्हापासून ते पुण्याचे आहेत हे पुण्याला आठवलं. बालेवाडीची नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी त्यांचीच. त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलोय आणि मला तिथला सिग्नल किती सेकंदांचा हे पाठ आहे, इमारत मात्र मी कधी मान वळवून पाहिलेली नव्हती. त्यांच्याही आधी, पन्नासच्या दशकात, अहमदाबादच्या कापड गिरण्यांच्या संशोधन संस्थेची, म्हणजे ‘अटिरा’ची इमारत केली ती आचऱ्याच्या अच्युत कानविंदे यांनी. मालवण तालुक्यातून निघून हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसकडे शिकायला गेलेला माणूस. गुजराती लोक पैसा लावतात आणि मराठी माणूस रेघा ओढतो ही व्यवस्था तशी जुनीच आहे.

सेप्टची इमारत उघड्या विटांची. प्लास्टर नाही. मी पुतणीला हळूच म्हटलं, “अगं, काम अर्धवट राहिलंय.” ती म्हणाली, “काका, हे असंच आहे.” मी भिंतीला हात लावून पाहिला. पन्नास-साठ वर्षांची वीट आणि श्रीलंकासुद्धा नाही.

आर्काइव्हमध्ये शिरताना पुतणीनं माझ्या खिशाकडे पाहिलं. ड्राफ्ट्समनचा खिसा तो. त्यात दोन बॉलपेनं, एक रॉट्रिंगचं जुनं पेन आणि सहा इंची स्टीलची पट्टी कायम असते; बायको म्हणते, मला जाळतानाही काढायची विसरतील. पुतणी कुजबुजली, “काका, पेन खाली ठेवा.”

“खाली म्हणजे?”

“बाहेर. आत फक्त पेन्सिल.”

कारण सांगितल्यावर पटलं. शाईचा थेंब पडला तर जन्मभर राहतो, पेन्सिलची रेघ पुसता येते. बॅग बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, खाणं तर सोडाच. मी बरोबर नेलेला डबा म्हणजे चटणी, भाकरी आणि वर तेलाची धार. एखाद्या दुर्मिळ कागदाचा त्याहून मोठा शत्रू शोधून सापडणार नाही. हात धुऊन कोरडे करायचे. मी हातमोजे मागितले. टीव्हीवर असले कागद हाताळताना सगळे पांढरे हातमोजे घालतात. तर ती म्हणाली, कागदाला मोजे नकोतच. बोटांना कागद कळत नाही आणि कोपरा फाटतो. मोजे फोटो आणि निगेटिव्हला. धुतलेला कोरडा हात सगळ्यात बरा. हे आमच्या ड्रॉइंग ऑफिसातले भोसलेमामा १९७९ साली सांगत होते, पण त्यांच्याकडे पदवी नव्हती. मामा पावसाळ्यात मनगटाखाली रुमाल घेऊन, ट्रेसिंगवर टाल्कम पावडर टाकून काम करत. घाम लागला की कागद फुगतो आणि स्केल हलतं. ऑफिसला तेव्हा कारखान्यापेक्षा बाळंतिणीच्या खोलीचा वास जास्त असे.

यानंतर शोध. मी संगणकापाशी बसून पहिला शब्द टाकला तो ‘पुनावळे’. शून्य. इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी बदलून पाहिलं, कारण आमच्या गावाचं स्पेलिंग बसच्या पाटीवर एक, हायवेवर दुसरं आणि वीजबिलावर तिसरं आहे. चारही वेळा शून्य. पुतणी म्हणाली, “काका, आर्काइव्ह लायब्ररीसारखं नसतं. इथे विषयावर नाही शोधायचं. कागद कुणाकडून आले त्यावरून शोधायचं.”

हे मला समजायला वेळ लागला, पण समजलं तेव्हा फार आवडलं. आर्काइव्हचा एक जुना नियम आहे. एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसातून पाचशे गुंडाळ्या आल्या तर त्या विषयवार, मजल्यावार किंवा गाववार लावून ‘व्यवस्थित’ करायच्या नाहीत. त्या माणसानं ज्या क्रमानं ठेवल्या त्याच क्रमानं राहू द्यायच्या आणि दुसऱ्याच्या कागदांत मिसळायच्या नाहीत. कारण कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता हीसुद्धा माहितीच. मी त्याच क्षणी घरी फोन लावून बायकोला म्हटलं की माझ्या कपाटात जे दिसतं तो पसारा नसून मूळ क्रम आहे आणि जगभरातल्या विद्यापीठांचा त्याला पाठिंबा आहे. ती म्हणाली, “मूळ क्रमात काल झुरळ निघालं.”

शेवटी पुतणीनंच चिठ्ठी भरली आणि टेबलावर एक मोठी सपाट फोल्डर आली. विद्यार्थ्यांनी जुन्या शहरातल्या पोळातलं (गल्लीतल्या घरांच्या जुन्या वस्तीला तिकडे पोळ म्हणतात) एक घर टेपनं मोजून काढलेलं होतं. प्लॅन, एलिव्हेशन आणि एक उभा छेद, ज्याला आम्ही सेक्शन म्हणतो.

असल्या मोजून काढलेल्या नकाशांची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. जेजेत क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या वास्तू मोजायला धाडत. १९३४ साली त्यांच्या पुस्तकातून ते नकाशे छापूनही आले. पण मी पुस्तकातली पानं पाहणारा माणूस नव्हे. मी कागद पाहणारा. खिशातून भिंग काढून वाकलो, आणि मला पहिली गोष्ट दिसली ती ब्लेडची खूण.

ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली तर रबरानं जात नाही. अर्धं ब्लेड घ्यायचं, आडवं धरायचं आणि श्वास रोखून शाई खरवडायची. मग तिथे नखाची पाठ घासून कागद गुळगुळीत करायचा, नाहीतर पुढची शाई फुटते. जिन्याच्या सहाव्या पायरीपाशी कुणीतरी नेमकं हेच केलं होतं. सातव्या पायरीपाशी परत. त्या पोराला किंवा पोरीला पायऱ्या मोजता आल्या नव्हत्या, किंवा टेप धरणारा जोडीदार दुसरीकडे बघत होता. इतक्या वर्षांनी मी एकटाच त्या चुकीचा साक्षीदार होतो आणि मला ओळख पटल्यासारखं झालं.

फोल्डरमध्ये खाली एक अमोनिया प्रिंट होती. मी वाकून वास घेतला.

“काका, काय करताय?”

“बघतोय वास राहिलाय का.”

नव्हता राहिला. आमच्या प्रिंटिंग रूमला इतका वास असे की सर्दी झालेले लोक औषधाऐवजी तिथे जाऊन येत. त्याआधीची पद्धत म्हणजे खरी ब्ल्यूप्रिंट, निळ्यावर पांढऱ्या रेघा. ती जॉन हर्शेलनं १८४२ साली शोधलेल्या प्रक्रियेची. तो खगोलशास्त्रज्ञ होता. आकाशाकडे बघणाऱ्या माणसानं गटाराच्या नकाशांची सोय करून ठेवली. आमच्या बिल्डरनं बरोबर उलटं केलं.

दुसऱ्या एका शीटच्या कडेला चहाच्या कपाचा गोल डाग होता. व्यास साधारण ६५ मिलिमीटर. नजरेचा अंदाज आहे, पण माझा अंदाज सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो. मी विचारलं, “हे काढत नाहीत?” पुतणी म्हणाली, “कशाला? तोही आता डॉक्युमेंटचा भाग.” मला माझं छत आठवलं. तिथे आख्खा जगाचा नकाशा आहे, पण कुणी सपाट ड्रॉवरात ठेवायला तयार नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी त्या सेक्शनपाशी थांबलो. घर मधोमध चिरून दाखवलेलं. वर पत्रा, खाली लाकडी तुळया, माडी, झोपाळ्याचे आकडे, चौक. आणि चौकाच्या फरशीवर रेषा थांबली नव्हती. ती जमिनीखाली गेली होती. तिथे टाकं होतं. अहमदाबादच्या जुन्या घरांत पावसाचं पाणी साठवायला चौकाखाली टाकी असतात, त्याचं तोंड, त्याची खोली, सगळं मोजून. म्हणजे कुणीतरी दोरी सोडून बघितलं होतं. जे दिसत नाही तेही मोजून काढलं होतं.

मी तसाच बसून राहिलो. पुतणीला वाटलं मला चक्कर आली. ती म्हणाली, “पाणी आणू का?” मग तिलाच आठवलं की पाणी बाहेर.

संध्याकाळी किटलीवर (तिकडे चहाच्या टपरीला किटली म्हणतात) आमचा वाद झाला. माझं म्हणणं, कागद एवढे जपायचे तर इमारत कशाला बांधायची? तिनं एकामागून एक दाखले दिले. मुंबई विद्यापीठाचं दीक्षांत सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं लंडनमध्ये बसून केले. तो कधी हिंदुस्थानात आलाच नाही. कागद बोटीनं आले, टॉवर १८७८ साली पुरा झाला, दोनशे ऐंशी फूट. मी म्हटलं, यात काय विशेष, आमचा आर्किटेक्टसुद्धा साइटवर आलेला कुणी पाहिलेला नाही. ती म्हणाली, शनिवारवाडा घ्या. १७३० साली पाया घातला, खर्च आला १६,११० रुपये. १८२८ च्या आगीत वाडा गेला. जोती आणि तट राहिले, आणि तो आकडा राहिला. शाळेतल्या पोरालाही पाठ. मी हिशेब केला: आमच्या सोसायटीचा एका पार्किंगचा ट्रान्सफर चार्ज याहून जास्त आहे. ती म्हणाली, चार्ल्स कोरियांनी २०१३ साली आपली सहा हजारांवर ड्रॉइंग्ज लंडनच्या ‘रीबा’ला, म्हणजे ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेला, देऊन टाकली. म्हणजे पेडर रोडवरची त्यांची कांचनजंगा इमारत खालून फुकट बघता येते, पण ती मनात कशी आली हे बघायला विमानाचं तिकीट काढावं लागतं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहाचे पैसे तिनं दिले.

पुनावळ्याला परतल्यावर मी माझा जुना ड्रॉइंग बोर्ड खाली काढला. १९९०च्या दशकात संगणक आले तेव्हा कंपनीनं बोर्ड भंगारात काढले, मी माझा विकत घेऊन आलो. बायको त्यावर उन्हाळ्यात पापड वाळवते. पापडाचे गोल पुसून काढले (पुसताना क्षणभर वाटलं, हेही डॉक्युमेंटच) आणि ठरवलं, इमारत आपणच मोजायची. वरपासून खालपर्यंत. नळ, व्हॉल्व्ह, ड्रेन, टाक्या, सगळं.

दोन निवृत्त शेजारी आणि वॉचमन मिळून टेप धरायला तयार झाले. पहिल्याच मजल्यावर लक्षात आलं की आर्किटेक्चरच्या इतिहासाला आपल्या समाजात विरोध का आहे. १०३ वाल्यांनी आम्हाला टेप घेऊन येताना पाहिलं आणि आतून कडी लावली. १०४ मधून विचारणा झाली, “महापालिकेची माणसं का?” भानगड अशी की सोसायटीत बाल्कनी जशीच्या तशी ठेवलेलं घर एकही नाही. कुणी तिची खोली केलीय, कुणी देवघर, कुणी वॉशिंग मशीन बसवलंय. चौथ्या मजल्यावर एकांनी तिथे मुलाचा क्लास चालवलाय. नकाशा काढायचा तर या सगळ्या रेव्हिजन कागदावर येणार. स्वतः अध्यक्षांनी मला लिफ्टमध्ये गाठून खांद्यावर हात ठेवला. “काका, काम फार छान चाललंय तुमचं. फक्त आमची ड्राय बाल्कनी... जशी मंजूर झाली तशीच दाखवा ना.” मी म्हटलं, “मंजूर कशी झाली ते सांगणारा कागदच नाही, तोच तर शोधतोय.” ते समाधानानं हसले. तेव्हा मला कळलं की फाइलमध्ये दुसऱ्या विंगचा नकाशा आहे याचं दुःख सोसायटीत फक्त मलाच होतं.

मग घरं सोडली. सामाईक भाग तेवढे घेतले. डक्टमध्ये टॉर्च टाकून पाइप मोजले, टेरेसवर टाक्या मोजल्या. तीन आठवड्यांनी ए-वन साइजचं शीट झालं. उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक, चार खाने. ‘काढले’ मध्ये माझी सही. ‘ट्रेस केले’ मध्येही माझी. ‘तपासले’ रिकामं.

प्लंबरला बोलावून शीट टेबलावर पसरलं. त्यानं चप्पल काढली, दोन्ही हात मागे बांधून देवळात बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, “काका, हा व्हॉल्व्ह हितं नाय. पल्याड हाय, डक्टच्या मागं. आमच्याच मामानं बसवलाय.” मी अर्धं ब्लेड काढलं, श्वास रोखून खरवडलं, नखानं घासलं. रेव्हिजन ‘ए’. वरच्या बाईंची एकच टाइल फुटली. आफ्रिका सुकायला लागली.

एक कोडं राहिलं. लिफ्टच्या खड्ड्यात दर पावसाळ्यात पाणी चढतं आणि बी विंगच्या पार्किंगमध्ये एका ठिकाणी फरशी सतत घामेजलेली असते. तिथे पाइपच नाही. शीटवर तेवढ्या भागात मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

गेटबाहेरच्या टपरीवर गावातले एक आजोबा सकाळी बसतात. धोतर, टोपी, आणि समोरून कानात वायरी घालून पळणाऱ्या आयटीवाल्यांकडे बघत चहा. मी शीट गुंडाळून झेरॉक्सला निघालो होतो. “काय हाये ते?” मी पसरून दाखवलं. त्यांनी आधी उत्तर कुठे ते विचारलं, मग नदी कुठल्या अंगाला ते विचारलं, मग बोट ठेवलं ते थेट प्रश्नचिन्हावर.

“ही आमची हीर.”

“कुठली?”

“ही. तुमच्या गाड्या लावता त्याच्या खाली. आधी मोट होती, मग इंजन आलं, मग तुम्ही आला.” ते घोटभर चहा प्यायले. “राडारोडा टाकून बुजिवली. पर पानी काय बुजतंय व्हय? किती खोल ते सांगू का?”

“सांगा ना.”

त्यांनी शीट स्वतःकडे फिरवलं, बाकड्यावर नीट टेकवलं, चहाचा ग्लास आपण होऊन लांब सरकवला, आणि माझ्या खिशाकडे हात केला.

“पेन द्या.”

मी पेन्सिल दिली.